चौदा स्वप्नांचे अर्थ : राजसभेतून उपाश्रयात

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा हा रायगडच्या किनारपट्टीवर मोठ्या लगबगीचा दिवस असतो. पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती घरोघर निघालेल्या असतात. त्याच दिवशी जैन उपाश्रयांत पर्युषणाचे पाचवे व्याख्यान रंगते आणि त्रिशला मातेची चौदा स्वप्ने, चांदीच्या पत्र्यावर कोरलेली व फुलांच्या हारांनी सजवलेली, ढोल-थाळीच्या गजरात एकेक करून खाली उतरवली जातात. हत्ती, वृषभ, सिंह, लक्ष्मी, पुष्पमाला, चंद्र, सूर्य, ध्वज, कलश, पद्मसरोवर, क्षीरसागर, देवविमान, रत्नराशी आणि निर्धूम अग्नी ही नावे लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. (हा दिवस भगवंतांच्या जन्माचा नव्हे, जन्मवाचनाचा, जन्मतिथी चैत्र शुद्ध त्रयोदशी आहे. हा भेद दरवर्षी सांगावा लागतो.)

या स्वप्नांचा अर्थ काय, असे विचारले असता बहुधा पंचांगाच्या धर्तीचे उत्तर मिळते. हत्ती दिसला तर अमुक, सिंह दिसला तर तमुक. मूळ ग्रंथ उघडून पाहिला तर मात्र प्रकरण इतके सरळ नाही, असे ध्यानात येते.

कल्पसूत्र हे दशाश्रुतस्कंधाचे आठवे अध्ययन असून परंपरा त्याचे कर्तृत्व श्रुतकेवली भद्रबाहूंकडे देते. वीरनिर्वाण संवत ९८० किंवा ९९३ या वर्षी आनंदपूर, म्हणजे आजचे वडनगर, येथे पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या राजा ध्रुवसेनाच्या सांत्वनासाठी त्याचे प्रथम जाहीर वाचन झाले, अशी मान्यता आहे. या ग्रंथात चौदा स्वप्ने एकदा नव्हे, दोनदा येतात. प्रथम ती पाहते देवानंदा ब्राह्मणी. तिचा पती ऋषभदत्त स्वप्ने ऐकून हर्षित होतो आणि सांगतो की चारही वेदांत, गणितात व शास्त्रांत पारंगत असा पुत्र होईल. त्याच्या विद्येच्या कक्षेत पुत्राचा याहून मोठा उत्कर्ष मावत नव्हता. पुढे ब्याऐंशी दिवस लोटल्यावर हरिनैगमेषी देव गर्भाचे संक्रमण करतो. त्या रात्री देवानंदेला दिसते की आपली चौदा स्वप्ने त्रिशला क्षत्रियाणी हरण करून नेत आहे. साऱ्या स्वप्नकथांत इतके करुण स्वप्न क्वचितच असेल. व्याख्यानात मात्र त्यावरून लवकर पुढे जाण्याची रीत पडली आहे.

तीच स्वप्ने त्रिशला पाहते. ती सिद्धार्थ राजाकडे जाते आणि राजा आपल्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावतो : कुलाचा दीपक, कुलाचा मुकुट, पराक्रमी व विस्तीर्ण सैन्याचा अधिपती राजा जन्मेल. क्षत्रियाने लावलेला तो क्षत्रियाचा अर्थ होता. त्रिशला उरलेली रात्र निद्रा न घेता धर्मकथांत घालवते, कारण पाठोपाठ एखादे वाईट स्वप्न पडले तर शुभ स्वप्नांचे फळ नष्ट होईल. ग्रंथ तिला स्वप्नजागरिका म्हणतो.

पहाटे राजा व्यायाम, स्नान उरकून सभेत येतो, अष्टांग निमित्त जाणणाऱ्या स्वप्नपाठकांना बोलावणे धाडतो. राणीसाठी सभेत पडदा लावला जातो. पाठक राजद्वारी आल्यावर आत जाण्यापूर्वी एकत्र जमतात आणि एकमत करून घेतात. टीकाकार येथे पाचशे सुभटांचा दृष्टांत देतात : ज्यांच्यात कोणी कोणाला मोठे मानत नव्हते, त्यांना राजाने परत पाठवले. राजा हाती फळ-पुष्प घेऊन प्रश्न विचारतो. विद्वानापुढे रिकाम्या हाताने जाऊ नये, ही मर्यादा राजालाही लागू होती.

पाठक सांगतात की स्वप्नशास्त्रात बहात्तर स्वप्ने वर्णिली आहेत. बेचाळीस सामान्य आणि तीस महास्वप्ने. तीर्थंकर वा चक्रवर्ती गर्भात आला असता माता तीसांपैकी चौदा पाहून जागी होते. वासुदेवाची माता कोणतीही सात, बलदेवाची चार, मांडलिक राजाची एक. म्हणून हा पुत्र चक्रवर्ती होईल, अथवा त्रैलोक्याचा नायक धर्मचक्रवर्ती जिन होईल. यात हत्तीचा अर्थ वेगळा, सिंहाचा वेगळा, अशी फोड केलेली नाही. अर्थ संख्येतून आणि समूहातून येतो. शिवाय अंती दोन पर्याय खुले राहतात. ज्योतिषी निवाडा देऊन मोकळा होतो, तसे हे पाठक करत नाहीत.

एकेका प्रतीकाचा अर्थ सांगण्याचे कार्य पुढे टीकाकारांनी केले. उपाध्याय विनयविजयजींची सुबोधिका टीका विक्रम संवत १६९६ ची असून पर्युषणातील आजची बरीचशी विवेचने तिच्यावरच उभी आहेत. चार दातांचा हत्ती म्हणजे दान, शील, तप, भाव असा चतुर्विध धर्म. वृषभ म्हणजे भरतक्षेत्रात बोधिबीज पेरणारा. सिंह म्हणजे विकाररूपी हत्तींपासून भव्य जीवांच्या वनाचे रक्षण करणारा. लक्ष्मी म्हणजे वार्षिक दान देऊन तीर्थंकरपदाची लक्ष्मी भोगणारा. निर्धूम अग्नी म्हणजे भव्य जीवरूपी सुवर्ण शुद्ध करणारा. आणि चौदाही मिळून, चौदा रज्जू लोकाच्या अग्रभागी विराजमान होणारा. एक बारकावाही टीकेत आहे. मूळ सूत्रात हत्ती प्रथम येतो, कारण बहुतेक तीर्थंकरांच्या मातांनी तो प्रथम पाहिला. मरुदेवी मातेने मात्र प्रथम वृषभ आणि त्रिशला मातेने प्रथम सिंह पाहिला. दोघांची लांछनेही तीच आहेत.

दिगंबर परंपरेत माता सोळा स्वप्ने पाहते. तेथे ध्वज नाही; मत्स्ययुगल, सिंहासन आणि नागभवन अधिक आहेत. जिनसेनाचार्यांच्या नवव्या शतकातील आदिपुराणात नाभिराज मरुदेवीला या स्वप्नांची फळे एकेक करून सांगतात. नागभवनाचा अर्थ जन्मतःच अवधिज्ञान असणारा, असा आहे. चौदा की सोळा यावर वाद घालण्यात पुष्कळ शाई खर्च झाली. दोन्ही परंपरांत स्वप्न पाहणारी माता आहे आणि फळ भोगापेक्षा त्यागाकडे वळवलेले आहे, ही समानता त्या वादात हरवते.

स्वप्नफळाच्या मर्यादाही परंपरेने आखून ठेवल्या. टीकेत स्वप्नाची नऊ कारणे दिली आहेत : अनुभवलेले, ऐकलेले, पाहिलेले, प्रकृतीच्या विकाराने आलेले, स्वभावतः पडलेले, चिंतेमुळे पडलेले, देवतेच्या योगाने, धर्माच्या प्रभावाने आणि पापाच्या उद्रेकाने. यांतील पहिल्या सहांना फळ नाही. म्हणजे दिवसा पेढीवर हिशेब चुकला आणि रात्री दिवाळे निघाल्याचे स्वप्न पडले, तर त्यावर कोणाचा सल्ला घेण्याचे कारण नाही. भगवतीसूत्राच्या सोळाव्या शतकातही स्वप्नांचे पाच प्रकार सांगून, जीव पूर्ण झोपेत वा पूर्ण जागेपणी नव्हे, तर अर्धवट जागृतीत स्वप्न पाहतो, असे नमूद आहे. मनोविश्लेषणाच्या जन्मापूर्वी कित्येक शतके केलेले हे निरीक्षण आहे.

त्याच प्रकरणात भगवान महावीरांची छद्मस्थकाळातील दहा स्वप्ने येतात. परंपरेनुसार ती अस्थिकग्रामी शूलपाणी यक्षाच्या उपसर्गानंतर रात्रीच्या अंती पडली. उत्पल नावाच्या निमित्तज्ञाने नऊंचे अर्थ सांगितले : ताडासारख्या पिशाचाचा पराभव म्हणजे मोहाचा नाश, शुभ्र कोकिळ म्हणजे शुक्लध्यान, गायींचा कळप म्हणजे चतुर्विध संघ. दोन रत्नमालांपाशी तो अडला. तो अर्थ भगवंतांनी स्वतः सांगितला : साधूंचा आणि गृहस्थांचा असा द्विविध धर्म. निष्णात निमित्तज्ञालाही एक प्रतीक उलगडले नाही, आणि नेमके तेच श्रावकाच्या जीवनाशी निगडित निघाले.

अशुभ स्वप्नांची परंपराही आहे. दिगंबर कथेनुसार सम्राट चंद्रगुप्ताने पाहिलेल्या सोळा स्वप्नांचे फळ भद्रबाहूंनी सांगितले. बारा फण्यांचा सर्प म्हणजे बारा वर्षांचा दुष्काळ. छिद्रे पडलेला चंद्र म्हणजे संघातील मतभेद. उकिरड्यावर उगवलेले कमळ म्हणजे धर्म यापुढे वैश्यांच्या हाती राहणे. श्रवणबेळगोळची चंद्रगिरी टेकडी या कथेशी जोडलेली आहे. व्यापारी समाजाने त्या कमळाच्या स्वप्नावर अभिमान धरावा की अंतर्मुख व्हावे, हे कथा सांगत नाही.

एवढे असूनही साधूने स्वप्नफळ सांगून निर्वाह करावा, हे शास्त्राला मुळीच मान्य नाही. उत्तराध्ययनाच्या आठव्या अध्ययनात लक्षण, स्वप्न व अंगविद्या यांचा प्रयोग करणाऱ्यांना श्रमण म्हणू नये, असा स्पष्ट निर्देश आहे. पंधराव्या अध्ययनातही तोच निषेध आहे. समवायांगात स्वप्नशास्त्राची गणना पापश्रुतात केली आहे. भगवंतांच्या गर्भकाळाचे वर्णन स्वप्नांनी सजवायचे आणि स्वप्नविद्येचा धंदा निषिद्ध ठरवायचा, यात विसंगती नाही. तीर्थंकरमातेचे स्वप्न हे झालेल्या घटनेचे मंगल वर्णन आहे; सामान्याच्या स्वप्नावरून भविष्य विकणे हा परिग्रह आहे.

तरीही स्वप्नग्रंथांना मागणी राहिली. बाराव्या शतकात दुर्लभराजाचा पुत्र जगद्देव याने स्वप्नचिंतामणी रचला. १९१२ साली जर्मन विद्वान नेगेलाईन यांनी तो संपादित करून प्रसिद्ध केला. त्याच शतकात गुजरातचा राजा कुमारपाल याच्या आंबड सेनापतीने कोकणच्या शिलाहार मल्लिकार्जुनाचा पराभव केला. चौल बंदराच्या या किनाऱ्याचा गुजरातशी व्यापार त्याहूनही जुना. पुढे गुजरात, कच्छ व मारवाडातून अलिबाग, रेवदंडा, उरण, पेणच्या पेठांत स्थिरावलेल्या कुटुंबांनी धान्य-किराण्याच्या दुकानांबरोबर कल्पसूत्राचे वाचन आणि सुपन उतरवण्याची प्रथाही आणली. साधू-साध्वींचा चातुर्मास न लाभलेल्या गावी जाणता श्रावक भाषांतर वाचतो आणि स्वप्ने तरीही उतरतात.

ही प्रथा कल्पसूत्रात नाही. सूत्रात स्वप्ने एक माता पाहते व राजसभा ऐकते. उपाश्रयात ती सारा संघ पाहतो, आणि प्रत्येक स्वप्न उतरवण्याचा, त्यास हार घालण्याचा लाभ बोलीने ठरतो. बोली तुपाच्या मणांत बोलली जाते, मणाचा रुपयांतील भाव संघ ठरवतो. लक्ष्मीच्या स्वप्नाची बोली बहुधा सर्वांत चढते. टीकाकारांनी त्या लक्ष्मीचा अर्थ दान असा केला होता, हे बोली चढवताना कितीजणांच्या ध्यानी असते, हा प्रश्नच आहे. शेवटी पाळण्याची बोली होते व पाळणा मानाने घरी नेला जातो.

या द्रव्याचा अर्थ काय, हा स्वप्नांच्या अर्थाइतकाच वादाचा विषय ठरला. १९२० च्या सुमारास आचार्य विजयधर्मसूरींनी मांडले की बोली ही संघाने ठरवलेली रीत आहे, म्हणून पुढील काळासाठी तिचे उत्पन्न साधारण खात्यात नेण्याचा अधिकार संघाला आहे. सागरानंदसूरी आदींनी त्याचा कडाडून विरोध केला. विक्रम संवत १९९० मध्ये, म्हणजे १९३४ साली, अहमदाबादच्या मुनिसंमेलनाने निर्णय दिला की प्रभूच्या निमित्ताने मंदिरात वा मंदिराबाहेर जी बोली होईल ते देवद्रव्य होय. काही संघांनी त्यानंतरही काही हिस्सा साधारणात नेण्याची प्रथा ठेवली.

मोठ्या शहरातील संघाला हा प्रश्न तितका जाचत नाही. किनाऱ्यावरच्या पन्नास-साठ घरांच्या संघात मात्र वर्षातील सर्वांत मोठे उत्पन्न याच एका दुपारी जमते. देवद्रव्यातून जिनालयाचा जीर्णोद्धार होऊ शकतो. खाऱ्या वाऱ्याने व चार महिन्यांच्या पावसाने गळणारे उपाश्रयाचे छप्पर, पाठशाळेच्या शिक्षकाचे मानधन यांना त्यातला रुपयाही लागू शकत नाही. म्हणून अनेक ठिकाणी जन्मवाचनाच्या दिवशीच साधारणाची वेगळी टीप फिरवली जाते, किंवा वर्षातील एकेक तिथी एकेका कुटुंबाच्या नावे लिहून घेतली जाते. पाळण्याची बोली संपली, श्रीफळ वधारले आणि केशराचे थापे उमटले की विश्वस्त ती वही उघडून बसतात.