नाइट सिटीचा फिरलेला निकाल

लोकमत फिरते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला नवी नाही. ज्या ग्रंथाकडे पाहून त्याच्या काळाने नाके मुरडली तो पुढच्या पिढीने डोक्यावर घ्यावा, आणि ज्या नाटकाने एकेकाळी थिएटरे गाजवली त्याची संहिता पन्नास वर्षांनी कोणी उघडूनही पाहू नये, असे सर्वत्र घडत आले आहे. परंतु अशा फेरनिकालाची चर्चा करताना एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरतो. ग्रंथ तोच असतो. वाचणारे बदललेले असतात. २०२० ते २०२३ या तीन वर्षांत संगणकावरील एका खेळाविषयी जगभरच्या खेळाडूंचे मत असेच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले. शिव्यांची जागा कौतुकाने घेतली. ‘खेळाडूंनी अखेर क्षमा केली’ असे त्याचे वर्णन करण्याची आता पद्धतच पडून गेली आहे. त्या क्षमेची थोडी उलटतपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खेळाचे नाव ‘सायबरपंक २०७७’. ज्यांचा या करमणुकीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. यात पडद्यावर एक अवाढव्य शहर उभे असते आणि खेळणारा त्यात वाटेल तिकडे हिंडू शकतो. कथा एकाच वाटेने गेली पाहिजे असा आग्रह नसतो. शहराचे नाव नाइट सिटी. ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कल्पिलेले असून तेथे खरी सत्ता आहे ती बड्या कंपन्यांची. माणसे डोळे, हात, मज्जातंतू बदलून यंत्रे बसवून घेतात. खेळणारा ज्याच्या कातडीत शिरतो तो ‘व्ही’ नावाचा भाडोत्री बहाद्दर. त्याच्या, किंवा खेळणाऱ्याने तसे ठरविले तर तिच्या, डोक्यात एका मेलेल्या रॉक गायकाचे मन एका चकतीतून येऊन बसते आणि हळूहळू घरमालकच होऊ पाहते. ही सृष्टी मुळात माइक पाँडस्मिथ या अमेरिकन रचनाकाराची. त्याने १९८८ साली कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळण्याचा खेळ म्हणून ती रचली. ‘सायबरपंक’ हा शब्द त्याच्याही आधीचा, ब्रूस बेथकी याच्या १९८३ सालच्या एका लघुकथेचे शीर्षक.

पण हा खेळ संगणकावर आणणारी मंडळी अमेरिकन नव्हती. ती वॉर्साची होती. पुढे जो संताप उसळला त्याचे मूळ समजण्यासाठी या मंडळींची पूर्वपीठिका पाहणे भाग आहे, कारण खेळाडू संतापले ते केवळ एका वाईट मालावर नव्हे.

पोलंडमधील कम्युनिस्ट राजवट १९८९ मध्ये संपली. त्यानंतरच्या वर्षांत वॉर्सामध्ये संगणकाच्या सामानाचे बाजार भरत. तेथे मिळणारे बहुतेक खेळ चोरून नकललेले असत, आणि त्यात कोणाला फारसे वावगेही वाटत नसे. लेखनहक्काचा नवा कायदाच मुळी १९९४ साली झाला. त्याच वर्षी मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी ‘सीडी प्रोजेक्ट’ ही कंपनी काढली. परदेशी तबकड्या आणून विकणे हा धंदा. १९९९ साली त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा मोठा परदेशी खेळ पोलिश भाषेत आणला. आता, जो माल शेजारच्या फळीवर नक्कल करून कवडीमोलाने मिळतो तो पुरे पैसे मोजून कोणी का घ्यावा? पोलिसांना पाचारण करण्यापेक्षा या दोघांनी निराळा मार्ग धरला. नामांकित पोलिश नटांचे आवाज घेतले आणि पेटीत नकाशा, जाडजूड माहितीपुस्तक, संगीताची तबकडी असा ऐवज भरला. नक्कल करणाऱ्याला जे देता येणार नाही ते गिऱ्हाइकाच्या हाती ठेवायचे, हे त्यांचे तंत्र. ते यशस्वी झाले.

कंपनीने पुढे हे तंत्र जवळजवळ धर्मासारखे पाळले. २००७ साली आंद्रेय सापकोव्स्की याच्या कथांवरून त्यांनी ‘द विचर’ हा स्वतःचा पहिला खेळ केला. २००८ साली कोणतेही कुलूप न घालता खेळ विकणारे दुकान इंटरनेटवर उघडले. चोर समजून गिऱ्हाइकाची झडती घ्यायची नाही, असा त्याचा बाणा. २०११ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा वॉर्साला आले तेव्हा पंतप्रधान टुस्क यांनी त्यांना जी भेट दिली तीत ‘विचर’चा दुसरा भाग होता, म्हणजे खेळ हा आता राष्ट्राने अभिमानाने मिरवावा असा जिन्नस झाला होता. २०१५ च्या तिसऱ्या भागाने तर कळस केला. इतर कंपन्या ज्या लहानसहान पुरवण्यांचे वेगळे पैसे घेत, तशा सोळा पुरवण्या या कंपनीने फुकट वाटल्या. ‘ही मंडळी आपल्यातली आहेत’ अशी खेळाडूंची भावना झाली. कंपनीच्या ताळेबंदात ही भावना कोठे लिहिलेली नसेल, पण तिच्यावर जेवढे कर्ज काढता आले तेवढे दुसऱ्या कशावर निघाले नसते.

नव्या खेळाची घोषणा मे २०१२ मध्ये झाली. जानेवारी २०१३ मध्ये दोन-अडीच मिनिटांची एक चित्रफीत दाखविण्यात आली. खेळ कधी येणार, या प्रश्नाला तिच्या अखेरीस उत्तर होते ते एवढेच, की तयार होईल तेव्हा. हे उत्तर लोकांना फार आवडले. घाई न करणारा कारागीर कोणाला आवडत नाही? २०१८ मध्ये प्रत्यक्ष खेळाचे नमुने दिसू लागले, आणि जून २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात नट कियानू रीव्ह्ज रंगमंचावर आला, त्याने तारीख जाहीर केली, आणि प्रेक्षकांतून एकाने ओरडून त्याचीच तारीफ केली, तेव्हा टाळ्यांचा जो गजर झाला तो संगीत नाटकाच्या ‘वन्स मोअर’ची आठवण करून देणारा होता. विरुद्ध सूर लावणारे थोडे. या साहित्यप्रकाराचा आद्य लेखक मानला जाणारा विल्यम गिब्सन याने २०१८ मध्येच, हे सारे ऐंशीच्या दशकातील भविष्याची वरवरची रंगरंगोटी वाटते, अशा अर्थाचे मत दिले होते. त्या गजरात ते कोणी फारसे मनावर घेतले नाही.

तारीख मात्र ठरेना. १६ एप्रिल २०२० ची १७ सप्टेंबर झाली, तिची १९ नोव्हेंबर, आणि अखेर १० डिसेंबर. शेवटच्या वेळी काम पूर्ण झाल्याची द्वाही कंपनीने आधीच फिरवली होती, त्यामुळे काही खेळाडूंचा तोल इतका सुटला की त्यांनी कंपनीतील कारागिरांना जिवे मारण्याच्या धमक्या पाठविल्या. या प्रेमाची ही बाजूही नोंदवून ठेवली पाहिजे. तेच कारागीर त्या दिवसांत आठवड्याचे सहा दिवस राबत होते. सक्तीचे जादा काम लादणार नाही असे कंपनीने २०१९ साली दिलेले आश्वासन एव्हाना बासनात गेले होते.

१० डिसेंबर २०२० पूर्वी आठ दशलक्ष, म्हणजे ऐंशी लाख लोकांनी आगाऊ नोंदणी केली होती. परीक्षकांना आधी जी प्रत देण्यात आली ती भारी संगणकावर चालणारी होती, आणि प्रारंभीच्या परीक्षणांत स्वतः टिपलेली दृश्ये दाखविण्याची त्यांना मनाई होती. गुण पडले ते शंभरांत नव्वदीच्या घरातले. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर, खेळ कसा चालतो हे कोणी पाहिले नव्हते. कंपनीच्या एका प्रमुखाने नोव्हेंबरमध्ये गुंतवणूकदारांना सांगितले होते की तेथेही तो आश्चर्य वाटावे इतका चांगला चालतो.

आश्चर्य वाटले हे खरे. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही २०१३ सालची यंत्रे. माणसांचे चेहरे मेणासारखे दिसत आणि थोड्या वेळाने त्यांवर नाक-डोळे उमटत. रस्त्यावरच्या मोटारी डोळ्यांदेखत प्रकट होत. एखादे पात्र दोन्ही हात आडवे पसरून बुजगावण्यासारखे उभे राही. गुन्हा घडला की पोलीस थेट पाठीमागे उगवत, जणू आकाशातून टपकलेले. मध्येच सारा खेळच बंद पडे. भारी संगणक असलेल्यांचा अनुभव पुष्कळ बरा होता, आणि येथेच खेळाडूंच्या मतांत पहिली मोठी फूट पडली. ‘मला तर काही अडचण आली नाही,’ असे एक पक्ष म्हणू लागला. हे म्हणणे प्रामाणिक होते, पण चाळीच्या तळमजल्यावर राहणाऱ्याने गळक्या छपराबद्दल दिलेला तो अभिप्राय होता. नवी कन्सोल यंत्रे जेमतेम महिन्यापूर्वी बाजारात आली होती आणि दुकानांत ती मिळतच नव्हती. जुनी यंत्रे दहा कोटींवर घरांत होती.

१४ डिसेंबरला कंपनीने माफी मागून, ज्यांना थांबायचे नसेल त्यांनी पैसे परत मागावेत असे सांगितले. लोक मागायला गेले तर दुकानांचे नियम आड आले. मग सोनी कंपनीने १७ डिसेंबरला हा खेळ आपल्या दुकानातूनच काढून टाकला. एवढ्या मोठ्या खेळावर असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. तो परत फळीवर आला २१ जून २०२१ रोजी. तरीही २०२० च्या अखेरपर्यंत १ कोटी ३७ लाख प्रती खपल्या होत्या, आणि खेळ तयार करण्याचा सारा खर्च आगाऊ नोंदणीतूनच वसूल झाला होता. म्हणजे संतापाने अब्रू गेली, भांडवल गेले नाही. जानेवारी २०२१ मध्ये इविन्स्की स्वतः कॅमेऱ्यासमोर बसला आणि दोष कारागिरांचा नसून खेळ बाहेर काढण्याचा निर्णय वरिष्ठांचा, असे म्हणाला. अमेरिकेतील खटला त्या वर्षअखेर साडेअठरा लाख डॉलरांवर मिटला. तो भागधारकांचा होता, खेळणाऱ्यांचा नव्हे.

यानंतर सुरू झाली डागडुजी. या धंद्यात दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे ठिगळ. शब्द मोठा प्रामाणिक आहे. मार्च २०२१ चे एक ठिगळ शेकडो चुका झाकणारे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी मोठे आले. सप्टेंबर २०२२ मध्ये टोकियोच्या ‘ट्रिगर’ या चित्रशाळेने याच शहरातील एका पोराची करुण कहाणी दहा भागांच्या ॲनिमेशन मालिकेत सांगितली, आणि जे ठिगळांनी साधले नव्हते ते तिने साधले: लोकांना नाइट सिटीत परत जावेसे वाटले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी ‘२.०’ ही आवृत्ती आली. तिच्यात पोलिसांची वागणूक, कौशल्यांची रचना, शरीरात बसवायची यंत्रे, सारे मुळापासून नव्याने बांधले होते. पाच दिवसांनी ‘फँटम लिबर्टी’ ही मोठी पुरवणी विक्रीला आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सतत सुधारत राहिलेल्या खेळाचे पारितोषिक याच खेळाला मिळाले. खेळाडूंच्या अभिप्रायांत ‘आधी शिव्या दिल्या, आता शब्द मागे घेतो’ हा सूर जागोजाग उमटला.

हे कौतुक खोटे नव्हते. तीन वर्षे एका मोडक्या घराला टेकू देत राहण्यापेक्षा ते सोडून पुढच्या घराच्या पायाभरणीला लागणे कंपनीला सोयीचे झाले असते, आणि अनेक कंपन्या तसे करतात. शिवाय खेळाच्या गाभ्यात, मरणाऱ्या माणसाच्या उसन्या दिवसांच्या त्या कथेत, पहिल्यापासून काहीतरी अस्सल होते. २०२० मध्येही ज्यांच्या यंत्राने साथ दिली त्यांना ते दिसले होते. प्रश्न कौतुकाचा नाही. प्रश्न असा की क्षमा केली कोणी?

‘२.०’ आवृत्ती आणि ‘फँटम लिबर्टी’ ही प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आलीच नाहीत. त्या यंत्रांना ते पेलणार नाही, असे कंपनीने २०२२ मध्येच सांगून टाकले होते. सांगणे खरेच असावे; पण मग २०२० मध्ये याच यंत्रांसाठी पैसे घेतले होते, त्याचे काय? ज्यांची फसगत सर्वांत मोठी, त्यांच्यापर्यंत दुरुस्तीचा शेवटचा आणि सर्वांत चांगला हप्ता पोहोचला नाही. त्यांपैकी ज्यांनी पुढे नवे यंत्र घेतले ते कौतुक करणाऱ्यांच्या रांगेत येऊन मिळाले. ज्यांना ते परवडले नाही ते कोठल्याच रांगेत दिसत नाहीत, आणि २०२३ च्या अभिप्रायांत त्यांची नोंदही नाही. नाटकाचा पहिला प्रयोग पडावा, नाटककाराने संहिता कापून-छाटून नीट करावी आणि पन्नासावा प्रयोग रंगावा, हे आपल्याकडेही होते. पन्नासाव्या प्रयोगाच्या टाळ्यांनी पहिल्या रात्रीच्या तिकिटाचे पैसे फिटतात, असे मात्र कोणी म्हणत नाही.

खेळाडूंपैकी काही चाणाक्ष मंडळींनी पहिल्याच महिन्यात आणखी एक गोष्ट हेरली होती. ज्या खेळात बड्या कंपन्या माणसाला गोड बोलून त्याचे शरीर-मन विकत घेतात, तो खेळ विकतानाच हे सारे घडले. हा विनोद त्या दिवसांत फार चालला. ‘२.०’ नंतर तो ऐकू येईनासा झाला.

२०२० साली दुकानातून पेटीबंद घेतलेल्या प्लेस्टेशन ४ च्या प्रती पुष्कळ घरांत अजून पडून आहेत. त्या तबकडीवर कोरलेला खेळ ठिगळे लागण्यापूर्वीचा आहे. यंत्राची इंटरनेटची तार काढून ती आत सरकवली, की डिसेंबर २०२० ची नाइट सिटी आजही उघडते. तेच मेणाचे चेहरे, तेच आकाशातून टपकणारे पोलीस.