शके १८८२ चा चैत्र

२८ मार्च १९६० रोजी सुरतेतील मराठी घरांत गुढी उभारली गेली आणि शके १८८२ सुरू झाले. शेजारच्या गुजराती घरांत मात्र विक्रम संवत् २०१६ चालूच होते. त्यांचे वर्ष कार्तिकात पालटते. वर्षे निराळी असली तरी चैत्र मात्र दोघांचा एकच होता. या एका महिन्यात दोन्ही समाजांचे राज्य वेगळे व्हायचे ठरले.

पाडव्याच्या पाठोपाठ रमजान ईद आली. ५ एप्रिलला रामनवमी, मग महावीर जयंती व हनुमान जयंती, आणि १५ एप्रिलला गुड फ्रायडे. चैत्र सरता सरता, २५ एप्रिलला, मुंबई पुनर्रचना कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. वैशाख शुद्ध द्वितीयेस, २७ एप्रिलला, यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत शिवनेरीवर शिवजयंती साजरी झाली. १ मे रोजी रविशंकर महाराजांच्या हस्ते साबरमतीस गुजरात राज्याचे उद्घाटन झाले.

सुरतेचा मराठी माणूस या दोन सोहळ्यांच्या मधोमध उभा होता. शिवनेरीचा आनंद त्याचाच होता. परंतु १६६४ आणि १६७० या सालांची आठवण ज्या शहरात निराळ्या सुरात निघते, तेथे तो त्याला बेतानेच व्यक्त करावा लागे.

सरकारी दप्तरांत हयात गेलेल्या आम्हांला या कायद्याची परिशिष्टे अधिक बोलकी वाटतात. ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव भागाची व पश्चिम खानदेशातील काही गावे सुरत जिल्ह्यात आली. त्यांतील खानदेशी गावांमागे उकाईच्या नियोजित धरणाचे कारण होते. डांगही गुजरातेत राहिला. सरकारी नोकरांची दोन राज्यांत वाटणी करण्याची तरतूद झाली. गावे गावांच्या जागीच राहिली. दप्तराची भाषा मात्र बदलली.

आमची घराणी या रेषेमुळे येथे आलेली नाहीत. सुरतेच्या चौथाईत पेशवे व गायकवाड यांचा वाटा होता, सोनगड ही गायकवाडांची जुनी गादी. तो संबंध १९६० हून कितीतरी जुना आहे. तरीही त्या चैत्रानंतर आपण आपल्याच गावी ‘परप्रांतीय’ ठरलो. हा शब्द आम्ही मनाला लावून घेऊ नये. शेजाऱ्याशी आपला महिना एक आहे, तोवर वर्षाचा आकडा निराळा असल्याने बिघडत नाही. मात्र आपली गुढी व आपली लिपी घरात जपणे हे कोणत्याही कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले नाही. ते आपणच करावयाचे आहे.