फिल्मचे कान कोणी टोचले?

आपल्याकडे भोकाला मान नाही. खिशाला पडले तर पैसे जातात, घागरीला पडले तर पाणी जाते. त्यातल्या त्यात कानाच्या पाळीचे भोक प्रतिष्ठित, कारण ते सोनाराच्या हातचे! पण ज्या भोकांच्या जिवावर साऱ्या जगाने शंभराहून अधिक वर्षे करमणूक करून घेतली, ती सिनेमाच्या फिल्मच्या काठांवरची भोके कुणाच्या खिजगणतीतही नसतात.

आमच्या नांदगावात माझ्या लहानपणी तंबूत सिनेमा यायचा. तंबूतल्या प्रेक्षकाला यंत्रशास्त्र थेट पडद्यावर शिकायला मिळे. एकदा फिल्म दोन भोके सरकून बसली. नायिकेचे पाय वर आणि मुखकमल खाली. मागून कोणीतरी ओरडले, "अरे, आधी बाईला सरळ कर, मग रडव!" यंत्रवाल्याने खुंटी फिरवली, बाई सरळ झाली आणि मग रीतसर रडली.

दोन भोके म्हणजे अर्धे चित्र. एका चित्राला दोन्ही काठांवर चार-चार भोके. यंत्राच्या चाकाचे दाते त्यांत अडकतात, चित्र खाली ओढतात, क्षणभर थांबवतात आणि पुन्हा ओढतात. भोक फाटले की चित्र उड्या मारू लागते.

हा चाराचा हिशेब अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यातला. तिथल्या डिक्सनसाहेबांनी 1892 च्या सुमारास ईस्टमनची 70 मिलिमीटर रुंदीची फिल्म उभी चिरून 35 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या केल्या. चित्र एक इंच रुंद, पाऊण इंच उंच. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी मात्र चित्राला दर बाजूस एकच गोल भोक पाडले. म्हणजे याची फिल्म त्याच्या यंत्रात चालेना! आम्हा नांदगावकरांना हे समजावून सांगायला नको. शेजारच्या मनमाडला औरंगाबादकडची गाडी मीटरगेज, आमची ब्रॉडगेज; ट्रंका डोक्यावर घेऊन गाडी बदलायची. मनमाडचे ते दुखणे 1990 च्या दशकात गेले, सिनेमावाल्यांनी मात्र 1909 सालीच 35 मिलिमीटर आणि चार भोके मान्य करून टाकली.

मग चित्राच्या अंगात वारे शिरले. 1931 साली 'आलम आरा' बोलला. आवाजाची पट्टी फिल्मच्या एका काठाने राहायला आली आणि पोटभाडेकरू आल्यावर मालकाचे होते तेच झाले. चित्र आक्रसून जवळजवळ चौकोनी झाले. हॉलिवुडने 1932 मध्ये वरून-खालून कातरून त्याला पुन्हा आडवे केले. पुढे टेलिव्हिजनच्या धास्तीने 1953 मध्ये सिनेमास्कोप आला. रुंद देखावा भिंगाने निम्मा चेपून फिल्मवर घ्यायचा आणि दुसऱ्या भिंगाने पडद्यावर पसरायचा. आपल्याकडे 1959 चा 'कागज के फूल' असा पसरला. (हे दुसरे भिंग नसले तर धष्टपुष्ट खलनायकाचीही काडी होते!) 1975 चा 'शोले' 35 मिलिमीटरवर चित्रित करून 70 मिलिमीटरवर मोठा केला. तिथे चित्राला पाच भोके.

चित्राने असे सतरा वेळा कपडे बदलले. सिनेमास्कोपच्या वेळी आवाजाच्या पट्ट्यांना जागा हवी म्हणून भोकांनाही अंग चोरायला लावले. पण नेहमीच्या फिल्मवर ती राहिली चारच.

आणि ही भोके आमच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या घरात पडली आहेत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व भोके पाडायचे यंत्र घेऊन आले. कारण तेव्हा कोरी फिल्म खरोखरच कोरी यायची, काठ सपाट. ती दादरच्या घरी अंधाऱ्या खोलीत यंत्राखालून काढावी लागे. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. भांडवलासाठी अंगावरचे दागिने त्यांनी आधीच दिले होते. सोनाराने कान टोचावे म्हणतात. इथे फिल्मचे कान टोचले ते सोने देऊन बसलेल्या बाईने!

'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. लांबी 3,700 फूट. एका फुटात 16 चित्रे, म्हणजे एका काठाला 64 भोके. दोन्ही काठांची मिळून 4,73,600. पण फिल्म दोन, एक कॅमेऱ्यातली आणि दुसरी तिच्यावरून छापलेली. एकूण 9,47,200! वाया गेलेली फिल्म वेगळी. यंत्र असले तरी ती सरळ रेषेत, सारख्या अंतरावर पडायला हवीत. एक ओळ चुकली की हरिश्चंद्राचे सत्त्व ढळो न ढळो, हरिश्चंद्र नक्की थरथरणार. त्यात साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही बाईंकडेच.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. 1969 पासून त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार दिला जातो, आणि तो योग्यच आहे. आता बहुतेक चित्रपटगृहांतून फिल्म गेली, तिच्याबरोबर भोकेही गेली. पडद्याच्या रुंदीच्या जाहिराती झाल्या; भोकांची जाहिरात कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

हा साडेनऊ लाखांचा हिशेब मी घरी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "आणि पोळ्या किती, ते मोजलंत का?"