जराराकाचे विष आणि रक्तदाबाची गोळी

१/ ब्राझीलच्या शेतमळ्यांत जराराका सापाचा गंभीर दंश झाला, की माणसाचा रक्तदाब उतरे आणि तो कोसळे. आज जगभर रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या एका मोठ्या गटाचा माग याच सापापर्यंत जातो. मात्र त्या गोळ्यांत विषाचा अंशही नसतो. मग विषाने दिले तरी काय? #थ्रेड

२/ १९४८, साओ पावलो. मॉरिसियो रोशा ए सिल्वा, विल्सन बेराल्दो आणि बुटांटान संस्थेतील गास्ताओ रोझेनफेल्ड यांनी हे विष कुत्र्याच्या रक्तावर वापरून पाहिले. रक्तात एक नवाच पदार्थ उतरला. तो गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा सावकाश आकुंचित करी आणि प्राण्यांचा रक्तदाब खाली आणी. 'सावकाश' आणि 'हालचाल' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव पडले ब्रॅडिकायनिन.

३/ ब्रॅडिकायनिन मुळात विषात नव्हतेच. रक्तातल्याच एका प्रथिनातून विष ते मोकळे करीत होते. रक्तवाहिन्या सैल करण्याचे साधन शरीरापाशी आधीपासूनच होते. पण ते क्षणांत नष्ट होई.

४/ १९६५ मध्ये रोशा ए सिल्वा यांचे शिष्य सर्जिओ फेरेरा यांनी पुढचा पदर उलगडला. ब्रॅडिकायनिन नष्ट करणाऱ्या विकराला अडवणारे घटक विषातच होते. ते लहान पेप्टाइड निघाले. सापाचा डाव दुहेरी होता: नळ सोडायचा आणि मोरीला बोळाही लावायचा.

५/ हा अर्क घेऊन फेरेरा लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे वाय. एस. बखले यांनी १९६८ मध्ये दाखवले, की कुत्र्याच्या फुप्फुसातील ज्या विकरामुळे रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन-२ तयार होते, त्यालाही हा अर्क रोखतो. लवकरच उमगले, की दोन्ही कामे करणारे विकर एकच आहे.

६/ व्हेन हे अमेरिकेच्या स्क्विब कंपनीचे सल्लागार होते. तेथे विषातून नऊ अमिनो आम्लांचे टेप्रोटाइड वेगळे केले गेले. त्याने रक्तदाब उतरे, पण ते टोचावे लागे. पोटातून दिल्यास उपयोग नसे. अखेर मिगेल ओंडेटी आणि डेव्हिड कुशमन यांनी त्याच विकरात बसेल असा छोटा कृत्रिम रेणू १९७५ मध्ये घडवला: कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

७/ पेटंट स्क्विबचे झाले. साप ब्राझीलचा, पहिले दोन शोध ब्राझीलचे आणि हक्क मात्र परदेशी कंपनीचा, ही सल त्या देशात आजही बोलून दाखवली जाते. कायद्याच्या दृष्टीने रेणू नवा होता, हेही खरेच.

८/ विषाने औषध दिले नाही. कोणते कुलूप उघडायचे, ते दाखवले. ज्यांनी ते कुलूप प्रथम पाहिले, ते रक्तदाबाचे औषध शोधतही नव्हते. या गोळीचा इतिहास १९७५ पासून सांगितला, तर त्याआधीची २७ वर्षे आणि ती माणसे कथेबाहेरच राहतात.