पाळीच्या दोन बाजू

पाण्याच्या कडेने चालत जायची वाट म्हटली की मुंबईकराला मरीन ड्राइव्ह नाहीतर हाजीअली आठवते. गोंदिया जिल्ह्यात हा मान तलावाच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा. तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा तलावाची पाळ ५१० मीटर लांब आणि पायापासून १९.२ मीटर उंच आहे. हिवाळ्यात लोक हौसेने तिच्यावर चढतात आणि बहुतेक सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. समोर पाणी, पलीकडे जंगलाने भरलेले डोंगर, पाण्यावर दूरदेशीची बदके. धानाची शेती पाठीमागे राहते. पाळ बांधली गेली ती या पाठीमागच्या बाजूसाठी.

धानाला पाऊस नुसता भरपूर होऊन भागत नाही, तो वेळेवर लागतो. रोवणी आटोपली, बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, तुडुंब भरल्या, तरी लोंबीत दाणा भरायच्या वेळी पावसाने दगा दिला तर भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान उभ्या उभ्या पोचट होते. हा भाग तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रांतात १८९६ साली नेमके हेच घडले. पाऊस वेळेआधीच संपला. त्या दुष्काळातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९ चा पावसाळाही कोरडा गेला. तोवर बंगाल-नागपूर रेल्वे तिरोडा-गोंदियावरून धावू लागली होती आणि बाहेरून धान्य आणता येत होते. पण शेतातले कामच बंद पडल्यावर ते विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा कुठून येणार? गाडी दाराशी असूनही माणसे उपाशी राहिली, हे त्या काळाचे सर्वांत क्लेशकारक सत्य आहे.

१९०१ मध्ये व्हाइसरॉय कर्झनच्या सरकारने कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला. त्याचा अहवाल १९०३ मध्ये आला. मध्य प्रांतात तोवर सरकारी सिंचन जवळपास नव्हतेच. पाणीपट्टीतून खर्च भरून निघो न निघो, दुष्काळ टाळण्यासाठी तलाव बांधावेत, हा विचार या आयोगानंतर रुजला. रामटेक, आसोलामेंढा, घोडाझरी ही त्याच लाटेतली कामे. भागदेवगोटी नदी अडवून बांधलेला बोदलकसा तलाव १९१७ मध्ये पुरा झाला आणि त्याच तालुक्यातला चोरखमारा १९२३ मध्ये.

मात्र या भागाला तलाव बांधायला इंग्रजांनी शिकवले, असे कोणी समजू नये. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाज पिढ्यान् पिढ्या हेच काम करत आला होता. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर लिहिलेला ग्रंथ १९१६ मध्ये, म्हणजे बोदलकसा पुरा होण्याच्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. चांद्याच्या गोंड राजाने तलाव बांधण्यासाठी कोहळ्यांना काशीहून आणले, ही आख्यायिका त्यात नोंदलेली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, कोहळ्यांचे काम डोळ्यांसमोर आहे. नवेगावबांधचा प्रचंड तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर सांगितला जातो; त्याच्या भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. दोन टेकड्यांमधली नेमकी खिंड हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडायच्या वाटेतून, पाणी पाटात सोडायचे आणि पाटाने ते बांधीपर्यंत न्यायचे, एवढी सगळी विद्या त्यांनी कागदी नकाशांवाचून कमावली होती. बोदलकसा बांधणाऱ्या सरकारी इंजिनिअरने हाच विचार मोठ्या मापावर केला. त्याचे श्रेय त्याला द्यावेच, पण पहिले श्रेय कोहळ्यांचे.

सरकारी तलाव आणि गावचे तलाव यांचे नशीब पुढे वेगळे झाले. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपवणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि १९५१ पासून मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत; लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. पूर्वी गाळ काढणे, पाळ सावरणे ही गावाची कामे होती. मालकी बदलली आणि ती कोणाची जबाबदारी, हेच धूसर झाले. शेतकऱ्यांचे फुकट पाण्याचे जुने हक्क आणि सरकारची पाणीपट्टी यांचा वाद पेटला. कितीतरी तलाव गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरून गेले. अलीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मासेमारांना सोबत घेऊन काही तलावांत पुन्हा पाणवनस्पती रुजवल्या. देशी माशांना त्यामुळे आसरा मिळू लागला. या कामाचा जिल्ह्याला अभिमान वाटायला हवा.

बोदलकसाभोवतीचे जंगल मात्र आता वाघांच्या नावाने ओळखले जाते. शेजारचे नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पर्यटक आले, त्यांच्यासाठी निवास झाले. हे चांगलेच आहे. फक्त त्यांच्या सहलीचा मोसम हिवाळ्याचा, आणि पाळीचे खरे काम त्याआधीच उरकलेले असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने ओढ दिली की भारी धानाला शेवटचे पाणी हवे असते. तेव्हा यावे, पाळ उतरून कालव्याच्या कडेने चालत जावे आणि ते पाणी बांधीत शिरताना पाहावे. १८९६ साली नेमके हेच पाणी कमी पडले होते.