आज्जीची चन्नम्मा

मंडळी, आमच्याकडे कुणी बेंगलोरला निघालं की विचारायचे, "कशानं जाणार?" उत्तर ठरलेलं, "चन्नम्मानं." बेळगावात कुणाला भेटायचं असलं की "चन्नम्मा सर्कलला थांब." नाव इतकं तोंडात बसलं की ही बाई कोण होती हे विचारायचंच राहून गेलं. मला ती कळली आज्जीमुळं. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

आज्जीचं माहेर कडोली, काकतीच्या शेजारचं. सासर आमचं, निपाणीजवळचं. आजोबा गेले तेव्हा आज्जी चोवीस वर्षांची, पदरात मूल नाही. तंबाखूचं थोडं रान, एक जुनं घर. तिनं धाकट्या दिराचा मुलगा दत्तक घेतला. तो मुलगा म्हणजे माझे वडील. वाटण्या आधीच झालेल्या होत्या, आणि तेव्हाच्या मुंबईकडच्या कायद्यानं अशा विधवेला दत्तक घेता येत होतं. पण भाऊबंदकी कायद्याला थोडीच विचारते! "नवऱ्यानं जिवंतपणी सांगितलं नव्हतं, ही कोण ठरवणार?" म्हणून थोरल्या घरातल्यांनी हरकत घेतली. प्रकरण बेळगावच्या कोर्टात गेलं.

तारखेला आज्जी पहाटेच्या एस्टीनं निघायची, मांडीवर माझे वडील. तवंदी घाट, संकेश्वर, यमकनमर्डी, वंटमुरीचा घाट, आणि बेळगाव यायच्या आधी काकती. काकती आलं की ती खिडकीतून हात जोडायची. वडिलांनी एकदा विचारलं, "देऊळ कुठं आहे?" ती म्हणाली, "देऊळ नव्हं रे, बाईचं गाव हाय. तिचा पण दत्तकाचाच खटला होता."

आता खटला म्हणजे काय, ते ऐका.

चन्नम्माचा जन्म १७७८ चा, काकतीच्या देसायांच्या घरात. घोड्यावर बसणं, तलवार, तिरंदाजी हे सगळं लहानपणीच शिकलेली. लग्न झालं कित्तूरच्या मल्लसर्ज देसायांशी. कित्तूर बेळगावच्या दक्षिणेला, धारवाडच्या वाटेवर. इथं आपल्या बाजूची एक गोष्ट लपवून चालणार नाही. मल्लसर्जाला दुसऱ्या बाजीराव पेशव्यानं पुण्यात कैदेत ठेवलं होतं. सुटला तोवर तब्येत ढासळलेली, १८१६ मध्ये तो वारला. म्हणजे चन्नम्माच्या विधवापणात पुण्याचाही वाटा आहे. पेशवाई बुडाली, १८१८ मध्ये कंपनीनं बेळगावचा किल्ला घेतला, तेव्हा कित्तूरनं कंपनीची बाजू धरली. त्यात आश्चर्य वाटायला नको.

गादीवर होता चन्नम्माचा सावत्र मुलगा, शिवलिंगरुद्रसर्ज. त्याला मूल नव्हतं आणि प्रकृती तोळामासा. सप्टेंबर १८२४ मध्ये तो गेला. जाण्याआधी नात्यातल्या एका मुलाला दत्तक घेतल्याचं पत्र धारवाडला गेलं. धारवाडचा कलेक्टर होता सेंट जॉन थॅकरे. आडनाव ऐकून आपल्या ठाकऱ्यांशी जोडू नका, हा इंग्रज कादंबरीकार थॅकरेचा चुलता. त्यानं पत्रावरच शंका घेतली, कंपनीला आधी विचारलं नाही म्हणाला, आणि खजिन्याला सील ठोकून पहारे बसवले.

चन्नम्मा तेव्हा शेहेचाळीस वर्षांची. तिनं वर दाद मागितली, अर्ज केले. उपयोग झाला नाही. २३ ऑक्टोबर १८२४ ला थॅकरे तोफा घेऊन किल्ल्याच्या दारात उभा राहिला. दार उघडा, नाहीतर उडवतो. दार उघडलं खरं, पण आतून कित्तूरची माणसं तुटून पडली. थॅकरे तिथंच पडला. इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन अधिकारी जिवंत हाती लागले. राणीनं त्यांच्या जिवाला धक्का लावला नाही, पुढं सोडूनही दिलं. यातला वॉल्टर इलियट नंतर दक्षिणेतल्या शिलालेखांचा मोठा अभ्यासक झाला. अमरावतीच्या स्तूपाची जी शिल्पं लंडनला आहेत, त्यांना पूर्वी त्याच्याच नावानं ओळखायचे. तो परत गेला म्हणून हे पुढचं सगळं झालं.

डिसेंबरात कंपनी मोठी फौज घेऊन परत आली. या वेळी सोलापूरचा सबकलेक्टर मन्रो मारला गेला, पण किल्ला टिकला नाही. बारूदीत शेण मिसळून घरच्यांनीच घात केला, असं लोक आजही सांगतात. आज्जी हे सांगताना थोरल्या घराकडं बघायची!

राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं. फेब्रुवारी १८२९ मध्ये ती तिथंच गेली. तिचा शिपाई संगोळी रायण्णा रानावनातून लढत राहिला, तेही त्याच दत्तक मुलाला गादीवर बसवायला. १८३१ मध्ये त्याला फाशी झाली, कुठं? तर नंदगडला. म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात.

साल नीट बघा, मंडळी. दत्तक नामंजूर करून सातारा घेतला १८४८ मध्ये, झाशी १८५४ मध्ये. "मेरी झाँसी नहीं दूँगी" आपल्याला शाळेपासून पाठ. पण तोच प्रश्न झाशीच्या तीस वर्षं आधी आपल्या दाराशी, काकतीच्या मुलीनं विचारला होता: माझ्या घरात वारस कोण, हे परका कोण ठरवणार? आमच्या निपाणकर देसायांचं संस्थानही १८३९ मध्ये वारसाच्याच प्रश्नावर गेलं. तिथं मात्र तलवार काढणारी चन्नम्मा नव्हती.

मग आपण तिला आपली का म्हणत नाही? कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९५६ नंतर इथं पुतळे, पाट्या, सर्कल, सगळ्याला भाषा चिकटली. १ नोव्हेंबरला कुणी मिरवणूक काढतं, कुणी काळा दिवस पाळतं. आपली तक्रार खरी आहे, ती मी सोडा म्हणत नाही. पण त्या भांडणात चन्नम्माला ओढू नये असं वाटतं. ती गेली तेव्हा कर्नाटक राज्य नव्हतं, महाराष्ट्रही नव्हता. आणि २००७ मध्ये संसद भवनाच्या आवारात तिच्या पुतळ्याचं अनावरण केलं ते राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी, आपल्या जळगावच्या लेकीनं.

आज्जी घरात मराठी बोलायची, बाजारात कन्नड. चन्नम्मा कुणाची, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही.

खटला सात वर्षं चालला. निकाल आज्जीच्या बाजूनं लागला. त्या दिवशी येताना ती काकतीला एस्टीतून उतरली, पाच मिनिटं रस्त्याकडेला उभी राहिली, आणि पुढच्या गाडीनं घरी आली. वडील सांगायचे, "मला वाटलं पाणी प्यायला उतरली."

परवा मी कारनं हायवेनं गेलो. काकती कधी मागं पडलं कळलंच नाही. पुढं जाऊन गाडी वळवून आणली, उतरलो, हात जोडले. मुलगी विचारायला लागली, "बाबा, इथं देऊळ आहे?"

तुमच्या घरात कुणी चन्नम्माची गोष्ट सांगायचं का? मराठीत, कन्नडात, कशातही असू दे. खाली लिहा. आज्ज्या गेल्या की गोष्टी पण जातात.