टोळीच्या आधीची सहल

मोटारसायकलींचा ताफा खेड्यापाड्यांतून निघाला की पाहणाऱ्याच्या मनात दोनपैकी एक चित्र उभे राहते. एक, घरदार विसरून निघालेल्या मोकळ्या जिवांचे; दुसरे, चामडी जाकिटे घातलेल्या दांडगट टोळक्याचे. दोन्ही चित्रे आपल्याकडे बहुतांशी अमेरिकेतून आली, पण अमेरिकेतल्या या प्रथेच्या इतिहासाशी त्यांचा मेळ बसत नाही. तिथे समूहाने फिरण्याची रीत देशभर पसरली ती कारखानदार आणि विक्रेत्यांच्या काळजीतून, आणि टिकली ती शिस्तीच्या जोरावर. बंडखोरीची झूल तिच्यावर चढली ती फार नंतर.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, माणसे एकत्र फिरायला कुणा व्यापाऱ्याची वाट पाहत नाहीत. तो अर्धा खरा आहे. मोटारसायकलच्या आधी सायकल होती. १८८० मध्ये न्यूपोर्ट येथे ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ स्थापन झाली. तेव्हाचे सायकल क्लब गणवेश घालून, कप्तानाच्या आज्ञेत, बिगुलाच्या इशाऱ्यावर गावाबाहेर सहली काढत. चांगल्या रस्त्यांची चळवळही याच लीगने चालवली आणि १८९८ च्या सुमारास तिची सभासदसंख्या लाखावर गेली. १९०३ मध्ये ब्रुकलिनला जमलेल्या स्वारांनी ‘फेडरेशन ऑफ अमेरिकन मोटरसायकलिस्ट्स’ काढले, तेव्हा क्लब, कप्तान आणि रविवारची सहल हा वारसा त्यांच्या हाती आयताच आला. हौस होती, क्लबही होते. पण गावोगावच्या विखुरलेल्या सहलींचा एक राष्ट्रीय वार्षिक सण व्हायला आणखी कुणाची तरी गरज असावी लागते, आणि ती गरज धंद्याची होती.

ही गरज हेन्री फोर्डने निर्माण केली. १९०८ मध्ये मॉडेल टी साडेआठशे डॉलरच्या आसपास मिळत होती. १९२५ पर्यंत तिचे सर्वांत स्वस्त रूप २६० डॉलरवर आले. बायकामुलांना छपराखाली बसवून नेणारी गाडी एवढ्या पैशांत मिळू लागल्यावर कामावर जाण्यासाठी मोटारसायकल कोण घेणार? युरोपात ती कष्टकऱ्याचे वाहन राहिली. अमेरिकेत तिला हौसेचे वाहन म्हणूनच जगावे लागणार होते. १९१६ मध्ये उत्पादक आणि विक्रेत्यांनी आपली व्यापारी संघटना बांधली आणि त्याच सुमारास ‘जिप्सी टूर’ची कल्पना पुढे आली. उन्हाळ्यातले ठराविक दिवस धरायचे, शहराशहरांतून स्वारांनी निघायचे, एखाद्या रम्य ठिकाणी जमायचे, खेळ, जेवण आणि मुक्काम करून परतायचे. न्यू हॅम्पशायरमधल्या सरोवराकाठचे वीअर्स बीच हे त्यांतले सर्वांत नावाजलेले ठिकाण. महायुद्धाच्या धामधुमीत स्वारांचे फेडरेशन १९१९ पर्यंत मोडले. व्यापारी संघटनेच्या छत्राखाली स्वारांची जी शाखा होती, तिच्यातून १९२४ मध्ये ‘अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन’ उभी राहिली. उत्तम गणवेशासाठी क्लबांना बक्षिसे देणे आणि सायलेन्सर काढून गोंगाट करणाऱ्यांविरुद्ध प्रचार करणे ही तिची आवडती कामे. यामागे साधा हिशेब होता. ताफा ज्या गावातून जाणार, तिथला दुकानदार, खाणावळवाला आणि शेरीफ बिथरला तर रस्ता बंद होईल. आणि रस्ता बंद झाला तर विक्री बंद होईल.

मग हॉलिस्टरचे काय? १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या या साडेचार हजार वस्तीच्या गावात जवळपास तेवढेच स्वार उतरले, रस्त्यांवर शर्यती लागल्या, पन्नासेक जणांना अटक झाली आणि तितकेच जखमी झाले. बंडखोर टोळीचे जन्मस्थान म्हणून याच घटनेकडे बोट दाखवले जाते. पण तो मेळावाही रीतसर जिप्सी टूरच होता आणि अटका बहुतेक दारू पिऊन घातलेल्या धिंगाण्यासारख्या किरकोळ कारणांच्या होत्या. त्याला अक्राळविक्राळ रूप दिले ते ‘लाइफ’ साप्ताहिकाने छापलेल्या छायाचित्राने. त्यातल्या बाटल्या मुद्दाम रचल्या होत्या, असे एका प्रत्यक्षदर्शीने पुढे सांगितले. त्यावर आधी कथा आणि १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट आला. ‘नव्याण्णव टक्के स्वार सज्जन आहेत’ असे असोसिएशनने तेव्हा जाहीर केल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते; तशी नोंद असोसिएशनच्या दप्तरात सापडलेली नाही, तरीही उरलेल्या ‘एक टक्क्या’चा बिल्ला टोळ्या अभिमानाने मिरवतात. खुद्द हॉलिस्टरने मात्र १९९७ मध्ये सुवर्णमहोत्सवी मेळावा भरवून स्वारांना पुन्हा बोलावले. ज्या गावाने दंगा सोसला, त्याला तो जगबुडीसारखा वाटला नव्हता.

शिस्तीच्या या गौरवावर खरा घाव घालणारा आक्षेप वेगळाच आहे: ही प्रतिष्ठा कुणाच्या डोळ्यांत मिळवायची होती? सायकलवाल्या लीगने १८९४ मध्ये कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले आणि मोटारसायकलवाल्यांची असोसिएशनही १९५० च्या दशकापर्यंत गोऱ्यांपुरतीच राहिली. स्त्रियांनी १९४० मध्ये ५१ सभासदांनिशी ‘मोटर मेड्स’ ही आपली संघटना काढून जागा मिळवली. सहल सभ्य दिसावी म्हणून काही माणसांना सहलीबाहेर ठेवले गेले, ही या परंपरेची काळी बाजू आहे आणि ती झाकता येणार नाही. पण म्हणून शिस्तच खोटी ठरत नाही. वगळण्याचा नियम गेला तरी सहली चालू राहिल्या. सांभाळून चालण्याचा नियम गेल्यावर मात्र एका शनिवार-रविवारात हॉलिस्टर घडले.

धंद्याने लावलेली प्रथा अस्सल कशी, असेही कुणी विचारील. तिचे मूळ कुठे होते यापेक्षा लावणाऱ्यांच्या पश्चात ती जगली का, हे पाहावे. ‘इंडियन’ या अमेरिकन मोटारसायकल कंपनीचा मूळ कारखाना १९५३ मध्ये बंद पडला. वीअर्स बीचचा मेळावा शंभरी ओलांडून चालू आहे. भारतातली वाटही याहून फार वेगळी नाही. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली बुलेट लष्कराची आणि पोलिसांची गाडी होती. १९८५ पासून जपानी तंत्राच्या, थोड्या पेट्रोलात लांब धावणाऱ्या हलक्या गाड्यांनी रोजचा प्रवास बळकावला, तेव्हा बुलेटलाही हौसेवरच जगणे आले. मग बुलेट बनवणाऱ्या कंपनीनेच हिमालयातल्या मोहिमा काढल्या आणि गोव्यात मेळावे भरवले. आज रविवारी पुण्याहून ताम्हिणीकडे निघणाऱ्या गटात पुढे वाट दाखवणारा आणि सर्वांत मागे राखण करणारा असतो, बाकीचे एकाआड एक डावी-उजवी धरून चालतात. कप्तान आणि बिगुलाचेच हे आजचे रूप. म्हणून वाटेवरच्या गावाने फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरबद्दल तक्रार केली, तर ती स्वातंत्र्यावरची गदा नव्हे. समूहाने दुसऱ्याच्या गावातून जायचे तर गावाची मर्जी राखावी लागते, हे ही प्रथा वाढवणाऱ्यांना नफ्यातोट्याच्या भाषेत पुरते कळले होते. हौसेखातर निघणाऱ्यांना ते कळायला त्याहून मोठे कारण लागू नये.